बी साइडवर सुई उडाली

सुई पुन्हा उडाली. बी साइड, म्हणजे तबकडीची दुसरी बाजू, दुसरं गाणं, तेच ठिकाण.

आम्ही टेस्ट प्रेसिंग ऐकत होतो. सगळ्या तबकड्या छापण्याआधी कारखाना नमुन्याच्या तीन-चार पाठवतो, ते टेस्ट प्रेसिंग. नारायणगावच्या माझ्या स्टुडिओत बँडची गायिका सारिका समोर बसली होती. बँड हार्डकोर पंक वाजवतो. दीड मिनिटाची गाणी, सुसाट वेग, बेंबीच्या देठापासून ओरडणं. नवा अल्बम त्यांना व्हिनाइलवर हवा होता, आणि बेस वाजवणारा सुनील नोकरीसाठी कतारला जायच्या आत.

“सर, ही कारखान्याची चूक ना?”

“त्यांचीच. कामच धड करत नाहीत,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. वीस वर्षं मी तमाशाच्या फडांचं रेकॉर्डिंग केलं. ढोलकी डावीकडे, हलगी उजवीकडे, असा हात बसलेला. त्याच सवयीनं मी या गाण्यात बेस गिटार पूर्ण डाव्या स्पीकरला टाकली. मोबाइलवर ते खपतं. तबकडीवर खोल आवाज एका बाजूला गेला की खाच उथळ होते आणि सुई बाहेर फेकली जाते. कारखान्यात कटिंग करणाऱ्या, म्हणजे तबकडीवर खाच कोरणाऱ्या इंजिनिअरनं फोनवर विचारलंही होतं, “बेस मधोमध घेऊ का?” मी म्हणालो होतो, “माझ्या मिक्सला हात लावू नका.”

सारिका मोबाइलवर मेल लिहायला लागली. “ऑर्डर कॅन्सल करते. दुसरीकडं करू.”

दुसरीकडे म्हणजे पुन्हा रांगेत शेवटी. सुनील तोवर गेलेला असता.

“थांब,” मी म्हणालो. “चूक माझी आहे.” आणि फोनवरचं सगळं सांगितलं.

तिनं मोबाइल खाली ठेवला.

“मग त्यांना नावं कशाला ठेवली?”

“लाज वाटली.”

“आमी येवढं वरडतो ते खरं बोलायलाच ना, राव? तुमी हळू सांगितलं असतं तरी चाललं असतं. लावा आता फोन. स्पीकरवर.”

इंजिनिअर शांतपणे म्हणाले, “मी विचारलं होतं.”

“हो. मी ऐकलं नाही.”

“बेस मधोमध आणून आजच फाइल पाठवा. रांगेतला नंबर तुमचाच ठेवतो.”

दुसरं टेस्ट प्रेसिंग पास झालं. सुनील निघायच्या दोन दिवस आधी तबकड्या आल्या. कव्हरवरून माझं नाव काढा, असं मी सारिकाला सांगून ठेवलं होतं. तिनं काढलं नाही. सारिका आणि तो इंजिनिअर, या दोघांचं ऋण मी मानतो. दोघांपैकी कुणीही मला त्या दिवशी सहज तोडून टाकू शकलं असतं.

आता कटिंगवाल्यानं काही विचारलं, की मी आधी विचारतो, “का?” उत्तर ऐकायला अर्धं मिनिट लागतं.