लायलचं कोपर

लायल ब्रॅझेल मेलेला नाही, हे आधी सांगून टाकलेलं बरं. शनिवारी सकाळी बर्निसच्या हॉटेलात येऊन बसलात तर तुमचा हमखास गैरसमज व्हायचा. कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर हॉइट आणि त्याचं टोळकं कॉफी ढोसत लायलचं असं काही शवविच्छेदन करतं, की ऐकणाऱ्यानं आदरानं टोपीच काढावी. "हिरा होता हो पोरगा, हिरा! कोचनं मातीत घातला." लगेच दुसरा म्हणणार, "कोचला कशाला बोल लावता? पोरातच दम नव्हता." आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं तो खिडकीपाशी एकटा बसून अंडी खात असतो, आणि त्याला शब्दन्‌शब्द ऐकू जात असतो. चाळिशी उलटली त्याची, तरी ह्यांचं संपत नाही.

कॉटल गॅप म्हणजे पश्चिम टेक्सासातलं एवढंसं गाव. शाळा इतकी लहान, की फुटबॉलला, म्हणजे चेंडू हातानं फेकायच्या अमेरिकन फुटबॉलला, अकरा पोरं कधी जमलीच नाहीत. म्हणून इथं सहाजणांचा फुटबॉल. मैदान सगळं मोकळं, समोर अडवायला फार तर तिघंचौघं, आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे गावाचा राजा. सोळाव्या वर्षी लायल राजा होता. त्याची फेक मात्र विचित्र. बाकीचे डोक्यावरून हात नेऊन फेकतात. हा कोपर खाली पाडून आडव्या हातानं, तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड सरकवावा तसा फेकायचा. पण चेंडू जायचा तो थेट पुढं धावणाऱ्या आपल्याच गड्याच्या पोटात. त्या वर्षी गॅप एकही सामना हरलं नाही.

कोच टिडवेलना मात्र चैन पडेना. लायलवर त्यांचा जीव होता, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करतील. लायलची आई केव्हाच निघून गेलेली, बाप तेलाच्या विहिरींवर महिनोन्‌महिने बाहेर. पोरगं रोज कोचच्या घरी जेवायचं, आणि कोचची बायको अर्लीन त्याला पोटच्या पोरासारखं वाढायची. कोचच्या मनानं घेतलं, की हा पोरगा मोठ्या विद्यापीठात खेळणार. तिथं अकराजणांचा खेळ, समोर ताडमाड राक्षस हात वर करून उभे. आडवी फेक ते माशी मारावी तशी पाडतील. झालं! त्या हिवाळ्यात कोचनी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये उंच दोरी बांधली आणि लायलला तिच्यावरून फेकायला लावलं. "कोपर वर! कोपर वर घे, लेकरा!" रोज तेच. नाताळच्या दिवशीसुद्धा सुटी नाही.

आता बघा, गॅपच्या मैदानावर ताडमाड राक्षस होते का? औषधालासुद्धा नव्हता एक. जो खेळ ह्या मुलुखात कोणी खेळतच नव्हतं, त्याच्यासाठी कोचनी चालत्या खेळातली फेक मोडली. लायलचं कोपर वर आलं खरं, पण चेंडू सोडायच्या आधी तो विचार करायला लागला. आणि क्वार्टरबॅक विचार करत थांबला की समोरचे येऊन त्याला जमिनीवर लोळवतात. पुढच्या हंगामात तो इतका आपटला, इतका आपटला, की शेवटी कोचनीच त्याला बाकावर बसवलं. खेळाडू हेरणारा विद्यापीठाचा माणूस एकदा येऊन बर्निसकडे पोटभर जेवला आणि तसाच परत गेला. लायलनं शाळा संपवली आणि बोअरचे पंप दुरुस्त करायचा धंदा धरला.

तेव्हापासून गावात दोन पक्ष. लायल कुठल्याच पक्षात नाही. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराविरुद्ध तोंड कसं उघडायचं? आणि कोचच्या बाजूनं बोलायचं तर चक्क खोटं बोलावं लागणार. म्हणून तो गप्प राहिला, आणि आतल्या आत जळत राहिला. त्याची बायको डीना त्याला कितीदा म्हणाली, "अरे, काय ते एकदा बोलून टाक ना बाबा, निदान मला तरी!" पण छे.

ह्या वर्षी संघाला पोरं कमी पडली तेव्हा लायलची पंधरा वर्षांची टेस उठून उभी राहिली. म्हणाली, "फेकायचं ना? मी फेकते." आणि फेकला तिनं चेंडू, आडव्या हातानं, कोपर खाली पाडून. लायलनं तिला कधी काही शिकवलं नव्हतं. तो धास्तावला, कारण शाळेनं ह्याच वर्षी कोच टिडवेलना परत बोलावलं होतं. सत्तरी ओलांडलेले, अर्लीन गेल्यापासून एकटे पडलेले. पण ह्या आडगावात दुसरा कोणी यायलाच तयार नव्हता, आणि कोच नसेल तर यंदा सामनेच नाहीत, असं शाळेनं बजावलेलं होतं.

त्या शनिवारी कोच बर्निसच्या दारातून आत आले आणि सरळ लायलच्या समोर जाऊन बसले. हॉइटच्या टेबलावरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"पोरीचा हात बघितला मी," कोच म्हणाले. "सोनं आहे रे, सोनं."

"आहेच."

"पण कोपर पडतंय खाली. सोमवारपासून तिला दोरीवरून फेकायला लावतो. बेंडरच्या शाळेची पोरं बघितलीस का यंदा? नुसते उंट आहेत उंट. तिचा एक चेंडू पुढं जाऊ द्यायचे नाहीत."

लायलनं काटा खाली ठेवला. "तिच्या हाताला हात लावायचा नाही, कोच."

"काय म्हणालास?"

"ऐकलंत तुम्ही."

कोचचे कान लाल झाले. "म्हणजे मी पोरांचं वाटोळं करतो, असं म्हणायचंय तुला? हे सगळे माझ्या पाठीमागं तेच बोलतात, मला काय कळत नाही होय? पण तू कधी बोलला नाहीस. आज बोल ना! मी तुला बिघडवलं का?"

बर्निस हातात कॉफीचं भांडं घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

"हो," लायल म्हणाला.

आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "हो कोच, माझी फेक मोडलीत तुम्ही. तुम्हाला तो विद्यापीठाचा माणूस दिसत होता, मला शुक्रवारचा सामना दिसत होता. मी खेळायला येत होतो हो, आणि तुम्ही माझं पुढच्या जन्माचं बघत बसलात! मला मजा यायची फेकताना. ती मजा गेली, ती परत आली नाही. अर्लीनबाई प्रेमानं जेवायला वाढायच्या, म्हणून मी बोललो नाही इतकी वर्षं."

हॉइटनं टेबलावर थाप मारली. "बघा! मी काय सांगत होतो? बरबाद केला का नाही?"

"ए हॉइट, तू तर तोंडच उघडू नकोस!" लायल गर्रकन वळला. "त्यांनी माझी फेक मोडली. मला नाही कोणी मोडलेलं. भर उन्हाळ्यात तुझी गुरं कोणाच्या पंपाचं पाणी पितात रे? बरबाद माणसाच्या? माझी पोर लहानपणापासून ह्या हॉटेलात बसून ऐकत आलीये, की तिचा बाप वाया गेला. कोचनं जे केलं ते एका हिवाळ्यात केलं. तुम्ही दर शनिवारी करताय. लाज वाटू द्या थोडी!"

"कधीचं बोलायला हवं होतंस," बर्निस पुटपुटली.

कोच उठले. मान ताठ होती. "मला एकाच पद्धतीनं शिकवता येतं, लायल. चुकीचं दिसत असताना तोंड शिवून उभं राहणं मला ह्या वयात जमायचं नाही. शोधा दुसरा कोच."

आणि गेले. लायल जिंकला होता, गावानं बघितलं होतं, पण अंडी अर्धी टाकून तो घरी निघाला.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. टेस दारातच उभी.

"माझा कोच घालवलास, डॅडी?"

"ते तुझा हात बिघडवणार होते."

"मला विचारलंस?"

"तुला काय कळतंय! ते दोरी बांधतील, दिवसभर कोपर वर, कोपर वर करतील, आणि एक दिवस तू..."

"आणि मी नाही म्हणेन."

"कोचना नाही म्हणत नसतात, टेस."

"तू म्हणाला होतास का कधी? एकदा तरी?"

 गावात इतकी वर्षं हाच वाद चालला होता, आणि हा प्रश्न कोणाच्याही डोक्यात आला नव्हता, लायलच्या स्वतःच्यासुद्धा नाही. तो आठवून बघायला लागला. दुखतंय असं तो बोलला नव्हता. आवडत नाही असंही नाही. रोज "हो, कोच" म्हणायचा आणि पुढचा चेंडू उचलायचा.

"मग त्यांना कळणार कसं होतं?" टेस म्हणाली, आणि सायकल काढून कोचच्या घराकडे निघून गेली. तिथं ती काय बोलली ते दोघांपैकी कोणी आजवर सांगितलेलं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर लायल मैदानापाशी गेला तर कोच मधोमध उभे, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. टेसनं चेंडू घेतला आणि आडवा फेकला.

"कोपर वर!" कोच गरजले.

"नाही, कोच!"

पुढचा चेंडू समोरच्या उंच पोरानं फटकन खाली पाडला. कोचना तर हर्षच झाला. "बघितलंस? बघितलंस? म्हणून सांगतो, कोपर वर!"

"नाही, कोच! मीच बाजूला सरकते!"

ती एक पाऊल सरकली आणि तिनं फेकला. त्या पोरानं ह्याही चेंडूला बोट लावलं. कोचनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली, टोपीलाच एक शिवी हासडली, पुन्हा उचलली आणि ओरडले, "मग दोन पावलं सरक ना गाढवे! एकानं काय होतंय!"

ती दोन पावलं सरकली. चेंडू त्या पोराच्या बगलेखालून गेला आणि पलीकडे धावणाऱ्याच्या पोटात जाऊन बसला.  कोचनी हातानंच खूण केली, पुन्हा.

लायल कुंपणाची तार धरून उभा होता. "नाही, कोच," त्यानं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. दोनच शब्द होते. ते सोळाव्या वर्षीही जमले असते, हे त्याला आता कळलं, आणि तो भर उन्हात पोरांदेखत रडायला लागला.