चाचांचा बाळंतविडा

बेथलेहेमच्या धर्मशाळेवाल्यावर इतका मनापासून राग धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो ख्रिस्ती नव्हता. लोणंदला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावाची भट्टी असलेले चाचा. योसेफ आणि दिवस भरलेली मरिया दारात उभी असताना 'जागा नाही' म्हणणारा तो माणूस चाचांच्या लेखी अजून कुठेतरी धंदा करत होता, आणि हाती लागला असता तर त्याची खैर नव्हती.

"दार उघडं ठिवून बसायचं आन् आल्या मानसाला न्हाई म्हनायचं, ह्यो कसला धंदा?" असं ते दर नाताळात तावातावानं म्हणत. "खोली नसंल तर नसंल. भट्टीच्या अंगाला निजवायची बाईला. ऊब असती तितं."

त्या धर्मशाळेत भट्टी होती का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. एकदा पाळकसाहेबांनी मात्र समजावून पाहिलं. "चाचा, तेव्हा नावनोंदणीसाठी गावोगावची माणसं आली होती. सगळीकडे गर्दी होती." चाचा लगेच म्हणाले, "सायेब, कांद्याच्या शीजनला आमच्या गावात बी गर्दी असती. मानूस मावतोच." पाळकसाहेबांनी समोरचं बटर चहात बुडवलं आणि विषय तिथंच सोडला.

भट्टी लाकडाची. रोजचे पाव, टोस्ट, खारी तिच्यातच व्हायचे. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका मैदा-तूप घेऊन नानकटाई भाजायला तिथंच जायच्या आणि डिसेंबरात आम्हा मोजक्या ख्रिस्ती घरांतले केकचे डबे तिथंच जायचे. पुढे घरोघरी ओव्हन आले, पण नाताळचा केक चाचांच्या भट्टीतलाच. भट्टी कितीही भरलेली असो, डबा घेऊन दारात उभं राहिलं की आतून आवाज यायचा, "जागा हाय, आना!" मग लांब दांड्याच्या फळीनं स्वतःचेच पाव बाहेर ओढून ते आपला डबा आत सरकवत. चाची कपाळावर हात मारून घेत. "जागा हाय, जागा हाय करताय, आपलं पाव कवा भाजायचं?" त्यावर चाचांचं उत्तर ठरलेलं. "पाव काय, उद्या बी हायत."

भाजलेला केक परत यायचा तेव्हा डब्यावर कागदाची एक पुडी असायची. पुडीत मूठभर खारका. लहानपणी मला वाटायचं, केकबरोबर खारका सगळीकडेच मिळतात. एकदा विचारलं तर चाचांनी मला समोरच्या पोत्यावर बसवलं.

"आमच्यात काय सांगत्यात, मरियमबीबी खजुराच्या झाडाखाली बाळंत झाल्या. खजूर खाल्ला, मंग अंगात ताकद आली. आता तुमच्यात त्या धर्मशाळेवाल्यानं इचारलं न्हाई. मंग कुनी तरी इचारायला पायजे का नगं? बाळंतिनीला खारीक-खोबरं देत्यात का न्हाई आपल्यात?"

देतात की. मला ते इतकं पटलं की घरी येऊन मी खारका नाताळसाठी मांडलेल्या गव्हाणीतल्या मातीच्या मरियेपुढे ठेवल्या. तेव्हापासून गल्लीत त्या पुडीला 'चाचांचा बाळंतविडा' असंच नाव पडलं.

मात्र चाचांचं नुसतं कौतुकच करत बसावं, असा त्यांचा स्वभाव नव्हता. दुसऱ्याच्या पिठात नाक खुपसायची त्यांना वाईट खोड होती. डब्याचं झाकण काढून ते आधी वास घेत आणि मग निकाल देत. आमच्या आईचा हात जायफळावर सैल. "वहिनी, जायफळ लय झालं. केक हाय का झोपंचं औषिध?" आई फणकारायची, "तुमच्या नानकटाईत तरी वेलदोड्याशिवाय दुसरं काय असतं?" वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. ते म्हणत, "तुम्ही दोघं भांडा, मी खातो." तीस वर्षं हे भांडण दर नाताळला नव्यानं झालं. जायफळ कमी झालं नाही आणि वेलदोडाही हटला नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर वडील गेले. आमच्याकडे रीत आहे, ज्या घरात माणूस गेलं तिथं वर्षभर सणाची कढई चढत नाही. मी साताऱ्याहून मुलांना घेऊन आले तेव्हा दारावर नाताळची चांदणी नव्हती, गव्हाण माळ्यावरच होती आणि केकचा डबा पालथा घातलेला होता. रीतीचं मला काही वाटलं नाही. काळजी वाटली ती आईची. ती जेवत होती, बोलत होती, पण सगळं मिटून घेतल्यासारखं. या वर्षी बंद केलेलं दार ती पुढच्या वर्षी उघडेल, असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं. नातवानं केकचं विचारलं तर म्हणाली, "आता कोण खाणार आहे, बाळा?" समोर तो उभा होता, तरी.

चोवीस तारखेला दुपारी काठी टेकत चाचा आले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते भट्टी सोडून फारसे कुठे जात नसत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वहिनी, डबा कुटं हाय? तुमची कोपऱ्यातली जागा मोकळी ठिवलीया."

"यंदा नाही, चाचा. घरात दुःख आहे."

"व्हय. भाऊ माजा बी व्हता." चाचांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "सन नगा करू. कढई नगा चढवू. पर बाळ तर आज येनारच हाय न्हवं? त्याला काय सांगायचं, जागा न्हाई?"

आई आत गेली आणि पालथा डबा उचलून तिनं त्यांच्या हातात दिला. रिकामाच. चाचांनीही त्यात काही आहे की नाही, ते पाहिलं नाही.

संध्याकाळी डबा परत आला, वर खारकांची पुडी. केक चाचांनी स्वतः केला होता. आईनं कोपऱ्यातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तिचा चेहरा बदलला. "वेलदोडा!" ती म्हणाली. "अख्खा वेलदोड्याचा डबा ओतलाय मेल्या माणसानं. जायफळाचा पत्ता नाही!" आणि ती हसायला लागली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता रडली, नाक पुसलं, आणि नातवाला म्हणाली, "जा रे, माळ्यावरची गव्हाण काढ."

त्यानंतरचे दोन नाताळ चाचा होते. जायफळावरचं भांडणही पूर्ववत सुरू झालं. गेल्या जानेवारीत एका सकाळी भट्टी पेटली नाही, तेव्हा गल्लीला कळलं. त्यांचा मुलगा शिरवळला कंपनीत आहे. तो आला, सगळं रीतसर केलं, पण भट्टी बंदच राहिली.

ऊन तापायला लागलं तशी रमजान ईद आली. मी नेमकी आईकडे होते. सकाळीच तिनं मोठं पातेलं दूध तापायला ठेवलं. जन्मात कधी शिरखुर्मा न केलेली बाई शेवया परतत होती. फडताळातून तिनं एक पुडी काढली, गेल्या नाताळची. त्यातल्या खारका रात्रीच भिजत घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुटपुटत ती त्या चिरायला बसली. सगळ्या चिरल्या. मागे एकही ठेवली नाही.

पातेलं घेऊन आम्ही चाचांच्या घरी गेलो. चाचींनी दार अर्धवटच उघडलं. अंगावर नवं काही नव्हतं, घरात चूल थंड. "वहिनी, औंदा काय केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "कुनाचा हातच चालंना. या तर कसं म्हनू तुमाला?"

आईनं पातेलं कमरेवर सावरलं. तिचं बोलणं एरवी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध. पण त्या दिवशी ती म्हणाली, "जागा हाय न्हवं? मग झालं."

चाचींनी पातेल्यावरचं झाकण उचललं, वास घेतला, आणि डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "जायफळ लय झालं." मग त्यांनी दार पूर्ण उघडलं.