तुटलेला रूळ
काल सायकलच्या दुकानात ग्रीसचा वास आला आणि लखनौचं, मानक नगरमधलं आमचं रेल्वे क्वार्टर आठवलं. लहानपणी तिथे एका संध्याकाळी टीव्हीवरच्या राक्षस-जादूच्या मालिकेत राणीनं कैदेतल्या लेकासाठी शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून दिला, तशी मी ओरडले, "गद्दार है ये!" आई म्हणाली, "अगं, तिची पण काही मजबुरी असेल ना." न सांगता लग्न केलं म्हणून ताईचं नावही न काढणारे बाबा रेल्वेच्या रूळ तपासायच्या प्रयोगशाळेतून येऊन दारात ग्रीसचे हात पुसत उभे होते. "तुटलेला रूळ आला, की आम्ही आधी बघतो, त्याच्यावर भार किती पडला होता," ते हळूच म्हणाले. मग आईला म्हणाले, "पोरीला फोन लाव." काल दुकानात उभ्या उभ्याच मी ताईला फोन लावला, काम काहीच नव्हतं.