मलावीतले मगदूमअण्णा

आदरणीय भूपालअण्णा मगदूम यांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी इचलकरंजीची, नुकतीच शेतकीची पदवी घेतलेली. अण्णा एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेचे अधिकारी. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्ह्याचं काम पाहत. सुट्टीवर कोल्हापुरात आले असताना ते सहकारी निवडत होते. माझी प्रमाणपत्रं बाजूला सारून त्यांनी विचारलं, "तिखटाबिगर ऱ्हाशील का?"

"न्हाय. डबा भरून संगं आणीन," मी म्हणाले.

"मग चल. आमचाबी संपत आलाय," अण्णा म्हणाले, आणि माझी निवड झाली.

पेठ वडगावजवळच्या जैन शेतकरी घरात वाढलेल्या अण्णांना परदेशाचं अप्रूप कधीच नव्हतं. तिथेही ते भेटायला आलेल्या माणसाला आधी बसवत, पाणी देत, मग काम विचारत. विहीर कुठं खोदायची हे ठरवण्याआधी ते गावातल्या बायकांबरोबर पाण्याच्या वाटेनं चालत जात. सोबतचे इंजिनिअर घामाघूम होत. अण्णा मात्र कुणाच्या घरात काय शिजलंय याची चौकशी करत पुढे निघालेले असत.

पण मला अण्णा खरे कळले ते दुष्काळाच्या वर्षी. पाऊस सुरू झाला होता आणि आमच्याकडे मक्याचं बियाणं आलं होतं, कीटकनाशक लावलेलं, लालभडक. लोकांच्या घरात खायला दाणा नव्हता. रांगेतली एक म्हातारी आमच्या दुभाषी एस्तेरला काहीतरी म्हणाली. एस्तेरचा चेहरा उतरला. "ती म्हणते, लवकर द्या. धुऊन शिजवू."

अण्णांनी वाटप तिथल्या तिथे थांबवलं. लोक खवळले. राजधानीतून वरिष्ठांचा वायरलेसवर हुकूम आला, "पेरणीचा हंगाम चाललाय, आजच वाटा." अण्णांनी शांतपणे सांगितलं, "आज वाटलं तर ते चुलीवर चढेल, साहेब. माणसं मरतील. आधी खायला धान्य द्या."

मी घाबरून म्हणाले, "अण्णा, नोकरी जाईल."

"जाऊ दे की. वडगावला श्यात हाय."

मग ते लोकांमध्ये जाऊन उभे राहिले आणि बियाणं का देत नाही, ते मोडक्यातोडक्या चिचेवा भाषेत स्वतः सांगितलं. तिथून तडक सरकारी गोदामावर गेले. धान्य तिथे पडून होतं, परवानगी अडली होती. गोदामाच्या अधिकाऱ्याला अण्णांनी गावात काय पाहिलं तेवढंच सांगितलं आणि धान्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. दुसऱ्या दिवशी ट्रक आले. प्रत्येक घराला आधी खाण्याचा मका मिळाला, मग बियाणं. "ट्रक आलं नसतं, तर मी लोकांचं खाणं आन् पेरणी दोन्ही घालवलं असतं," असं अण्णा मला नंतर म्हणाले.

त्या हंगामात पीक चांगलं आलं. हुकूम सोडणारे वरिष्ठ स्वतः शेतं पाहून गेले आणि पुढे साऱ्या जिल्ह्यांत बियाण्याबरोबर खायला धान्य देण्याची पद्धत त्यांनीच सुरू केली. अण्णांनी यातल्या स्वतःच्या वाट्याचा कधी उच्चारही केला नाही.

त्यांच्या मायेचा मला आलेला अनुभवही सांगायला हवा. माझ्या आईचं कोल्हापुरात ऑपरेशन झालं तेव्हा मला परतता येईना. अण्णांनी घरी फोन केला. त्या दिवसापासून त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, रोज दवाखान्यात डबा घेऊन जाऊ लागल्या. फोनवर आई म्हणाली, "तू नगं काळजी करू. तुझ्या सायबाची मंडळी रोज येती. भाकरी संपल्याबिगर उठतच न्हाय बघ!" मी रडता रडता हसले.

अण्णांनी नुकतीच साठी पूर्ण केली आणि निवृत्त होऊन ते कायमचे घरी आले. संसाराची बहुतेक वर्षं या दोघांनी दोन खंडांत काढली. परवा भेटायला गेले तेव्हा वहिनी लटक्या रागानं म्हणाल्या, "घर कसं शांत हुतं. आता ह्यांच्या आवाजानं कान किटलं." आतून अण्णांचं "व्हय, व्हय!" ऐकू आलं आणि वहिनी हसल्या. अण्णांना उत्तम आरोग्य लाभो, आणि वहिनींच्या घरातला हा आवाज अजून कैक वर्षं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येवो.