पाचवी तार

बेंजोमास्तर चाल कधी बदलायचे नाहीत, आणि चाल सोडून दुसरं काहीही जागच्या जागी ठेवायचे नाहीत. वीसेक वर्षं मी त्यांच्या पार्टीत मृदंग वाजवला. त्यातली निम्मी त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात गेली, कारण ऑर्डरी घ्यायला, लोकांची समजूत काढायला आणि शेवटी माफी मागायला मीच पुढे असायचो.

दिवसा ते रत्नागिरीच्या बंदरावर लाँचींची इंजिनं दुरुस्त करत. नखांतलं ग्रीस कधी निघालं नाही. आपल्याकडे बेंजो म्हणजे मांडीपुढे ठेवायची लांबट पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. मास्तरांचा तसलाच होता, आणि जुना झाला होता. त्यांचा भाचा बोटीवर कामाला. त्याला त्यांनी सांगितलं, "येताना अमेरिकेतना एक बेंजो घेऊन ये. तिकडचा दणकट असेल."

खोक्यातून जे निघालं ते डफाला दांडा लावल्यासारखं काहीतरी होतं. बटणं नाहीत, नुसत्या पाच तारा. त्यातली पाचवी आखूड, आणि तिची खुंटी दांड्याच्या मधोमध. भाच्याचा तरी काय दोष? त्याने दुकानात बेंजो मागितला, त्यांनी बेंजो दिला. आम्ही पोट धरून हसलो. मास्तर तेवढे हसले नाहीत. "आलाय तर ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि आठवडाभर ते मांडीवर घेऊन बसले.

मला ती आखूड तार म्हणजे कारखान्यातली चूक वाटत होती. एकदा मास्तर चहाला गेले असताना मी पक्कड घेतली आणि ती तार तोडून टाकली. परत आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मेल्या, झीलकरी मारलास माझा!" शिमग्याला आमच्याकडे नमनाचा खेळ होतो, त्यात बुवा गातो आणि झीलकरी मागे सूर धरून उभे असतात, तसं त्या तारेचं काम होतं. "हिला डावा हात लागतच नाय. नुसता उजवा अंगठा. बुवा कुठे का भटकेना, हिने एकच सूर धरून ऱ्हायाचं." सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक धागा सोडवून त्यांनी नवी तार चढवली. त्यानंतर माझा ठेका जरा चुकला की ते सगळ्यांसमोर विचारायचे, "आज काय तोडलंस?"

नमनाच्या जुन्या चाली त्या गोल बेंजोवर अशा काही उड्या मारत निघायच्या, की बंदरावर लिलावाला आलेल्या मासेवाल्या बायका डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवून उभ्या राहायच्या. ऐकताना वाटायचं, हे तर आपल्या आज्याचं आहे आणि तरी कधी ऐकलेलं नाही. मीसुद्धा वाजवता वाजवता खुळा व्हायचो. पण लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी हात जोडून एक सिनेमातलं गाणं मागितलं, की मास्तर मान हलवायचे. "चाल जुनी, वाजवणं आपलं. तिसरं काय नाय." पुढच्या वर्षी त्याच घरच्या लग्नाला डीजे यायचा, आणि मी घरी बसून मृदंगाची चामड्याची पुडी चोळायचो.

त्यांचा एकच हट्ट होता. सावर्ड्याच्या आतल्या बाजूला त्यांचं गाव. तिथे शिमग्याला पालखी सहाणेवर बसते, तेव्हा तिच्यासमोर एकदा हा बेंजो वाजवायचा. त्याच दगडी ओट्यासमोर त्यांचे वडील जन्मभर झीलकरी म्हणून उभे राहिले होते. पण पालखीचा मान ज्यांच्याकडे, ते गावकर ऐकेनात. "मृदंग आणा, झांजा आणा. ते परदेशी तुणतुणं पालखीसमोर नको," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी मास्तरांना म्हटलं, "एक दिवस जुना पेटीवाला न्या, काय बिघडतं?" तर म्हणे, "हा नाय तर मी पण नाय." रत्नागिरीतल्या पोरांना आम्ही जुनाट, गावाला आम्ही बाटलेले, आणि मधल्या मध्ये माझ्या फेऱ्या. दर शिमग्याला सगळं बंदर गावी जायचं आणि मास्तर एकटे कुणाचं तरी इंजिन उघडून बसायचे.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीभ जड झाली, डावा हात मांडीवर पडून राहिला. आणि नेमक्या त्याच वर्षी मुंबईच्या चाकरमान्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर आमचं वाजवणं बघितलं. गावकरांचा फोन आला, "यंदा ते गोल वाद्य घेऊन या." फोन भिंतीवर आपटावा असं मला वाटलं. इतकी वर्षं दोन हात होते तेव्हा नको होतं! मी नाही म्हणणार होतो. मास्तर खाटेवरून एवढंच म्हणाले, "जायाचं."

दुपारी पालखी सहाणेवर बसली. मास्तरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, बेंजो पंच्याने मांडीला बांधला. मी मृदंग घेतला. गावातले चौघे गायला लागले आणि मास्तरांचा उजवा अंगठा हलला. एकच तार, एकच सूर. त्या उड्या मारणाऱ्या चालींतली एकही आली नाही. पण गाणारे जरा भरकटले की त्या सुरावर परत येत होते. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला.

गाणं चालू असतानाच गावकर वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "काय गोड वाजतंय हो. आधी का नाय आणलंत कधी?"

सगळ्या वर्षांचं उत्तर माझ्या ओठांवर होतं. माझे हात थांबले. मास्तरांनी अंगठा न थांबवता माझ्याकडे मान वळवली आणि जड जिभेने म्हणाले, "तोडू नको."

मी थाप दिली आणि वाजवत राहिलो. मास्तर त्याच पावसाळ्यात गेले. गावकर भेटले की अजून त्या दिवसाचं कौतुक सांगतात, आणि मी अजून गप्प बसतो.