पायातला काळा दोरा

धुक्यात भिजलेला केशरी रंग मी प्रथम पाहिला तो सेनगावजवळच्या आमच्या पाझर तलावावर. शेजारच्या शेतातल्या वाळत्या तुरीचा वास तेव्हा हवेत तरंगत होता. करड्या-तपकिरी तलवार बदकांच्या मेळ्यात एकच नर मँडरिन बदक, पाठीवर केशरी शिडं उभारलेलं, पूर्वेकडच्या दूरदेशीचं. असं देखणेपण आमच्या हिंगोलीच्या वाट्याला कधी येतं का? मी भान हरपून फोटो काढत राहिले. मग ते काठावर चढलं आणि त्याच्या पायात काळा दोरा दिसला.

दोऱ्याचा उलगडा जवळच्या बंजारा तांड्यावरच्या जमनामावशीनं केला. आदल्या दिवशी ते तिच्या घरच्या मासे धरायच्या जाळ्यात अडकलं होतं. तिनं ते सोडवलं, पदरानं पुसलं आणि पाण्यात सोडण्याआधी नातवाला बांधतात तसाच दोरा त्याच्या पायात बांधला. काहून, असं विचारल्यावर माझ्याकडेच नवलानं पाहत म्हणाली, "इतकं देखनं लेकरू, बाई. नजर न्हाई का लागनार?"

लागलीच की नजर, ती शहरातल्या जाणकारांची. दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या त्यांच्या समितीतले एक स्नेही, मी दोऱ्याचं सांगताच, फोनवर समजावू लागले, की दोरा दिसला तर पक्षी पाळीव ठरेल, पिंजऱ्यातून पळालेला, आणि पळालेल्याला जिल्ह्याच्या यादीत जागा नसते. तेव्हा पोहतानाचेच फोटो पाठवा, पाय पाण्याखाली राहतील. काय शहाणपणा! मी दोऱ्यासकट सगळे फोटो पाठवले आणि मावशीची हकीकतही लिहिली. पंख छाटलेले नाहीत, पिसं पिंजऱ्याला घासून झिजलेली नाहीत, ससाणा दिसताच ते सगळ्यांआधी उडालं, हेही कळवलं. उत्तर आलं ते एका शब्दाचं: पळालेलं.

राग आला, आणि तो मी गिळला नाही. जमनामावशीचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखच्या मुलूख तुडवत गेले. तिला आजही कुणीही उठतो आणि मूळचे कुठले म्हणून विचारतो. जो फिरतो त्यानंच का दर वेळी पुरावा द्यायचा? दोरा म्हणजे मालकी, हे कुणी ठरवलं? धरूनच ठेवायचं असतं तर त्या दोऱ्याचं दुसरं टोक मावशीच्या खुंटीला नसतं का? मी नोंद मागे घेतलेली नाही आणि घेणारही नाही.

निकाल मावशीला सांगितला. शेंगा सोलता सोलता ती थांबली. "पळालं म्हन्तेत? म्या तर हातानं सोडलं की."

उन्हं तापली, तलाव आटत गेला आणि एका सकाळी तलवार बदकांबरोबर तेही उत्तरेकडे निघून गेलं. पिंजऱ्यातलं असतं तर त्याला ही वाट कुणी शिकवली असती? आता मी हिवाळ्याची वाट पाहते आहे. पुन्हा तुरी वाळतील, धुकं उतरेल आणि त्यात कुठे केशरी हललंच, तर मी आधी त्याचे पाय पाहणार. ज्या दोऱ्यानं त्याला पळपुटं ठरवलं, तोच पायात घेऊन ते आलेलं असलं, तर फोटो मी पुन्हा दोऱ्यासकटच पाठवीन.