बाबांचा बेटावरचा पत्ता

बंगळुरात आमच्या महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात तेव्हा खूळच होतं: डॉट कॉम म्हणजे गावठी, वेबसाइटच्या नावाला शेपूट हवं ते कुठल्यातरी चिमुकल्या बेटाच्या देशाचं. मीही आमच्या आडनावाला तसं शेपूट लावलं आणि नागपूरला आईबाबांना त्यावरचे ईमेल पत्ते दिले. बाबा हसले, "बसल्या जागी परदेशी झालो की!"

बाबा गेले आणि आई इथं माझ्याकडे आली. रोज सकाळी, चहा झाला की ती बाबांच्या पत्त्यावर पत्र लिहायची. एकदा मला म्हणाली, "त्या बेटावर हवा कशी असते गं?" मला भडभडून आलं. बाबांची मेलपेटी उघडायचा धीर मला कधी झाला नाही.

एका दुपारी आईनं ऑफिसात फोन केला. "ह्यांचं उत्तर आलंय."

मी तशीच घरी आले. तिच्या फोनवर एकच ओळ होती: 'गुडघा स्वल्प बरा आहे का? जेवलीस का?'

बाबा बंगळुरात कधी आलेच नव्हते. 'थोडं'ला कानडी 'स्वल्प' म्हणायला आई इथं शेजारच्या अक्कांकडून शिकली, तेही बाबा गेल्यावर. म्हणजे जे कोण होतं, ते तिची पत्रं वाचून बोलायला शिकलं होतं.

शोधलं तर माझाच गाढवपणा. वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आल्याच्या सूचना मी बाबांच्याच पत्त्यावर लावून ठेवल्या होत्या. पैसे न भरल्यानं नाव सुटलं, कुणीतरी विकत घेतलं, बाबांची पत्रं त्याच्याकडे जायला लागली; आई इथं आल्यापासून दुसऱ्याच खात्यावरून लिहायची म्हणून मला पत्ताही लागला नाही. आई मात्र हरखली होती. पोळ्या दोनाच्या तीन खायला लागली.

मला राहवेना. मी त्या पत्त्यावर लिहिलं, 'कोण आहात तुम्ही? माझ्या आईला लिहू नका.'

मिनिटभरात उत्तर आलं: 'बरं. तू जेवलीस का?'

त्यानंतर काही आलं नाही. आई दिवसभर फोन हातात धरून बसायची. "मी त्यांना लागेल असं काही लिहिलं का गं?"

पाचव्या दिवशी ताट तसंच झाकलेलं दिसलं. मी विचारलं, "जेवलीस का?"

आईनं चटकन वर पाहिलं. "म्हणजे तूच लिहीत होतीस होय?"

कुणी परका तिचं सगळं वाचतोय, हे कुठल्या तोंडानं सांगू? "हो," म्हणाले.

आईनं फोन पालथा ठेवला. पुन्हा तिनं बाबांना पत्र लिहिलं नाही.